गावच्या घराची कौलं उतरवण्याआधी

आमचं घर राजापूर तालुक्यात, जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. चार वर्षांपूर्वी गणपतीत माजघर इतकं गळायला लागलं, की बाप्पावर माटवी (फळापानांनी सजवायची चौकट) बांधायची तर माटवीच्याही वर आम्हाला ताडपत्री बांधावी लागली. दिवाळीनंतर मी मुंबईहून फोनवरच गवंडी ठरवला, दोनशे नवी कौलं आणवली, फुटकी-तुटकी बदलून घेतली आणि निर्धास्त झालो. पुढच्या गणपतीत ताडपत्री पुन्हा तिथेच.

मग वाडीतले जुने सुतारकाका शिडी लावून वर चढले, पाच मिनिटांत खाली आले आणि म्हणाले, "कौलाक काय झालेला नाय. तुजो वासो बसलोहा." आढ्याजवळचे, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कडेजवळचे, तीन वासे (उतारावरचे लाकडी दांडे) वाकले होते. त्यामुळे त्यांच्यावरच्या रिपा (आडव्या लाकडी पट्ट्या) खाली गेल्या, रिपांवरची कौलं एकमेकांतून सुटली आणि वाऱ्याबरोबर पाणी त्या फटीतून आत येत होतं. मी बदललेली नवी कौलं तर जुन्यांच्या खाचेत नीट बसतच नव्हती. म्हणजे गळती थांबली नाहीच, उलट दोन नव्या जागा तयार झाल्या.

त्यानंतर सगळं छप्पर नीट करून घेतलं. त्यात जे कळलं ते क्रमाने सांगतो. गावात कायम राहणाऱ्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. हे लिहिलंय ते वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्या आणि फोनवर कामं करून घेणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी.

1. पावसात एकदा जा, आणि आतून बघा

उन्हाळ्यात छप्पर बघून गळतीचं कारण कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस काढा. एक बॅटरी, खडू, वही आणि मोबाइल एवढं पुरे.

थेंब जमिनीवर जिथे पडतो, तिथल्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. पाणी कौलातून आत येतं, रिपेवर उतरतं, तिथून वाशाला लागतं आणि वाशाच्या कडेने चार-पाच फूट खाली सरकून मग थेंब सोडतं. बॅटरी धरून ओली रेघ उलट दिशेने, वर वर बघत जा. जिथे रेघ सुरू होते तिथे वाशावर खडूने फुली मारा आणि फोटो काढा. ओल्या लाकडावर खडू नीट उठत नाही, म्हणून वहीत घराचा आराखडा काढून त्यावरही खूण करा.

पावसात जाणं जमत नसेल तर दुसरी युक्ती. नळीने पाणी सोडायचं, पण वळचणीकडून (छपराच्या खालच्या कडेकडून) सुरुवात करून एकेक ओळ वर जायचं. आधी आढ्यावर पाणी सोडलंत तर सगळं पाखं (छपराची ती उतरती बाजू) भिजेल आणि काहीच कळणार नाही. भर दुपारी दारं-खिडक्या लावून वर पाहिलं की उन्हाचे कवडसे दिसतात, त्यांच्याही खुणा करून ठेवा. पण प्रत्येक कवडसा गळेलच असं नाही. कौलाची घडणच अशी असते की थोडी हवा खेळती राहते.

गळण्याच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या असतात: आढ्यावरचे कोने (कडेवर बसवायची वाकडी कौलं) जिथे चुन्यातून किंवा सिमेंटमधून सुटलेत तिथे, दोन पाखी आतल्या बाजूला मिळतात त्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पन्हळीत, पडवीचं छप्पर मुख्य भिंतीला टेकतं त्या सांध्यात, आणि काचेच्या कौलाभोवती. या चारही जागा तपासल्याशिवाय पाख्याच्या मधल्या कौलांना हात लावू नका.

आणि आंब्याचा पाला. कौलांच्या खाचांत पाला कुजतो, त्यावर शेवाळ धरतं, पाणी तुंबतं आणि मागे सरकून आत उतरतं. आमच्याकडच्या सातपैकी दोन गळत्या निव्वळ पाल्याच्या निघाल्या. त्यांचा खर्च शून्य रुपये.

2. कौल वाजवून बघा, लाकूड टोचून बघा

चांगलं भाजलेलं कौल बोटाच्या पेराने वाजवलं की भांड्यासारखं टणकन वाजतं. भद्द आवाज आला तर त्यात बारीक चीर आहे किंवा ते कच्चं भाजलंय. शंका असेल तर एक कौल सुकं वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. मंगलोरी कौलांच्या भारतीय मानकात वरच्या दर्जाच्या कौलाला 18 टक्के आणि त्याखालच्याला 20 टक्क्यांपर्यंत पाणी पिण्याची मुभा आहे. म्हणजे अडीच किलोचं कौल भिजून तीन किलोच्या पुढे गेलं तर ते छपरावर नको.

जुनी कौलं काळी पडली म्हणून काढायला निघू नका. काळेपणा शेवाळाचा असतो. आमच्या घरावरची कौलं आजोबांच्या वेळची आहेत, दहातली नऊ टणकन वाजली.

लाकडाचं मात्र तसं नसतं, ते बाहेरून साबूत आणि आतून पोकळ असू शकतं. एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक वासा तीन ठिकाणी टोचा: आढ्याजवळ, मध्ये, आणि भिंतीवर टेकतो तिथे. ही तिसरी जागा सगळ्यात दगाबाज. चिरा ओल धरतो, वाशाचं डोकं त्यात वर्षानुवर्षं बसलेलं असतं आणि तिथेच ते कुजतं. भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या वर गेलेल्या दिसल्या तर वाळवी आहे. खाली पिठासारखा भुगा पडत असेल तर तो पोखरणाऱ्या किड्याचा, त्याचं औषध वेगळं.

वाकलेला वासा शोधायला दोरी लावा. आढ्यापासून वळचणीपर्यंत वाशाच्या बाजूने सुतळी ताणून धरली की मधला झोल इंचात मोजता येतो. आमच्याकडे सगळ्यात वाईट वाशाला पावणेतीन इंच झोल होता, आणि नुसत्या डोळ्यांनी बघताना तो मला सरळ वाटला होता.

3. काय करायचं ते आता ठरवा, आधी नाही

तीन पर्याय असतात.

कौलं चाळून घेणं: म्हणजे कौलं ओळीओळीने उचलायची, खाचा साफ करायच्या, फुटकी बदलायची, पुन्हा बसवायची. लाकूड धड असेल तर एवढंच पुरतं. जुने लोक याला शाकारणी म्हणत आणि नळ्यांच्या (अर्धगोल देशी कौलांच्या) घरात ती दर वर्षी व्हायची. मंगलोरी कौलांना पाच-सात वर्षांनी केली तरी चालते.

लाकडाची दुरुस्ती: वाकलेल्या वाशाला बाजूने जोडवासा देणं, कुजलेलं डोकं कापून नवा तुकडा सांधणं, रिपा बदलणं. आम्ही हेच केलं.

सगळा सांगाडा नवा: निम्म्याहून जास्त वासे गेले असतील तरच.

चौथा पर्याय तुम्हाला प्रत्येक जण सुचवेल: "काढून टाका कौलं, पत्रा घाला, कटकट मिटली." माझं स्पष्ट मत सांगतो. गोठ्याला, मांगराला (सामान ठेवायच्या खोपटाला) पत्रा ठीक. राहत्या घराला नको. मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही, पावसात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि चूल पेटत असेल तर धूर जायला वाट राहत नाही, कौलांतून तो आपोआप झिरपून जात असतो. जुने सिमेंटचे पत्रे घरावर असतील तर ते सुके कापू-फोडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

हल्ली लोखंडी चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर पत्रा आणि पत्र्यावर कौलं असं दुहेरी छप्पर करतात. वानरांचा त्रास फार असेल तर तो मार्ग वाईट नाही. पण त्यात एक सापळा आहे. आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकल्या तर कौलातून उतरलेलं पाणी प्रत्येक रिपेमागे अडतं, पाला साठतो आणि पत्रा सडतो. आधी उतारावर उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर आडव्या रिपा, म्हणजे पाणी खालून निघून जातं. कंत्राटदार उभ्या पट्ट्या वाचवतो. अडून बसा. समुद्र जवळ असेल तर पाइपांची उघडी तोंडं बंद करून घ्या आणि वेल्डिंगच्या प्रत्येक जागी रंगाआधी प्रायमर लावून घ्या. खारी हवा आधी तिथेच खाते.

4. कागद

गावचं घर बहुधा एकट्याचं नसतं. छप्पर उतरलेलं असताना चुलतभावाने "मला विचारलं का?" म्हणून काम थांबवलेलं मी शेजारच्या वाडीत पाहिलंय, आणि तेही वीस मे रोजी. म्हणून हे आधी गोळा करा:

- ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा (घर कोणाकोणाच्या नावे आहे आणि बांधकाम कसलं लिहिलंय ते बघा)
- चालू वर्षाची घरपट्टीची पावती
- जागेचा सातबारा, किंवा गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका
- सगळ्या सहहिस्सेदारांचं सहीचं संमतिपत्र, साध्या कागदावर का होईना
- काम सुरू करण्याआधीचे फोटो, चारही बाजूंनी आणि आतून

आम्ही ग्रामपंचायतीला "जुन्या घराची छप्पर दुरुस्ती" असा अर्ज देऊन पोच घेतली. कौलांच्या जागी स्लॅब किंवा वाढीव मजला घालणार असाल तर तो विषय वेगळा, त्याला रीतसर परवानगी लागते.

लाकडाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज: "झाड माझ्या जागेतलं, मी तोडीन." महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्यात जी झाडं अनुसूचित आहेत त्यांत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ आहेत. म्हणजे वाशांसाठी आपण जी झाडं बघतो जवळपास तीच. परसातला फणस पाडायचा तरी आधी वनखात्याची परवानगी, आणि लाकूड गिरणीवर न्यायचं तर वाहतुकीचा पास. याला वेळ लागतो. दिवाळीनंतर लगेच अर्ज टाका.

वादळाने छप्पर उडालं असेल तर आवरायची घाई करू नका. आधी फोटो, मग तलाठ्याकडून पंचनामा, मग साफसफाई. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेच्या वेळी, आधी सगळं गोळा करून टाकलेल्यांना दाखवायला काही उरलं नव्हतं.

5. कौलांचा हिशेब

इथे हमखास चूक होते. घर 30 बाय 30 फूट, म्हणून 900 चौरस फूट धरून कौलं मागवतात. पण वळचण चारही बाजूंनी अडीच-अडीच फूट बाहेर असते, म्हणजे 35 बाय 35, झाले 1225. शिवाय छप्पर उतरतं आहे. 30 अंशांच्या उताराला त्याला 1.15 ने गुणायचं, म्हणजे सुमारे 1410 चौरस फूट. शंभर चौरस फुटाला साधारण 140 कौलं धरली तर 1970, आणि फुटीसाठी पाच टक्के वर, म्हणजे 2070. नुसत्या 900 वर हिशेब केला असता तर 1260 आली असती आणि छप्पर अर्धवट असतानाच काम अडलं असतं. कोने वेगळे मोजा, आढ्याची आणि तिरक्या कडांची लांबी धरून.

उतार मोजायला यंत्र नको. पातळी धरून 12 इंच आडवं जा आणि तिथून वाशापर्यंतची उभी उंची मोजा. सात इंच आली तर 30 अंश. कोकणच्या पावसात याहून फार चपटं छप्पर करू नका.

दोन हजार कौलं म्हणजे पाच टन वजन. ट्रक घरापर्यंत येतो का? आमच्याकडे तो वरच्या रस्त्यावर थांबतो आणि पुढे पाखाडीच्या साठ-सत्तर पायऱ्या. डोक्यावरून वाहून आणायची मजुरी मी हिशेबात धरलीच नव्हती.

6. कौलं घेताना

बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी 1865 साली मंगलोरात कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तिथे आणि केरळात कितीतरी कारखाने निघाले. घडण एकच दिसली तरी प्रत्येकाचा साचा थोडा थोडा वेगळा. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. बसल्यासारखं वाटतं, पण एक बाजू सूतभर उचललेली राहते आणि ती सूतभर फट नैर्ऋत्येच्या वाऱ्याला पुरते. माझ्या दोनशे कौलांचं हेच झालं होतं.

म्हणून घरावरचं एक धड कौल उतरवा, उलटं करा, पाठीवरचा छाप वाचा. बाजारात जाताना ते कौल पिशवीत घालून न्या. दुकानातली सहा कौलं जमिनीवर तुमच्या कौलाशी जोडून बघा. जुळत नसतील तर जुन्या कौलांचा शोध घ्या: तालुक्यात कुठे ना कुठे जुनं घर पाडून स्लॅबचं बांधणं चालूच असतं. ती कौलं स्वस्तात मिळतात आणि बऱ्याचदा नव्यांपेक्षा चांगली वाजतात. काहीच जुळलं नाही तर एक पाखं पूर्ण नव्या कौलांनी करा आणि तिथली जुनी दुसऱ्या पाख्याला वापरा. एकाच पाख्यावर सरमिसळ नको.

छापावर 1865 दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते कारखाना सुरू झाल्याचं साल, तुमच्या कौलाचं नव्हे. आमच्या घराबद्दल ही दंतकथा माझ्या आत्याने पन्नास वर्षं सांगितली आहे आणि मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.

7. माणसं आणि वेळ

मे महिन्यात सगळे चाकरमानी एकाच वेळी गावात असतात आणि सगळ्यांना सुतार हवा असतो. त्याच वेळी आंब्याचा हंगाम, गडी बागेत. शिवाय वळवाचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही. काम जानेवारी-फेब्रुवारीत काढा, फार तर शिमग्यापर्यंत.

लाकूडकाम सुताराला द्या, कौलं लावण्याचं काम कौलांचीच कामं करणाऱ्याला. स्लॅबवाला गवंडी चांगला असतो, पण त्याला प्रत्येक फटीत सिमेंट भरायची सवय असते. लाकूडकाम रोजावर आणि कौलं चौरस फुटावर ठरवली तर भांडण कमी होतं. उतरवणं, साफ करणं, वाहणं हे दरात धरलंय का ते तोंडी नाही, कागदावर लिहून घ्या. आणि किमान पहिले तीन आणि शेवटचे दोन दिवस स्वतः तिथे राहा.

8. उतरवणं आणि चढवणं

छपराजवळून विजेची तार जात असेल तर महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोणी वर चढायचं नाही. शेवाळ ओलं असताना तर नाहीच.

कौलं दोन्ही पाख्यांवरून सारखीच उतरवायची. एक पाखं पूर्ण मोकळं आणि दुसऱ्यावर अडीच टन, असं झालं की सांगाडा एका बाजूला ढकलला जातो आणि जुने सांधे उघडतात. चढवतानाही तसंच, इकडे चार ओळी, तिकडे चार ओळी. उतरवलेली कौलं जमिनीवर आडवी रचू नका, कडेवर उभी लावा. साफ करायला नारळाची सोडणं आणि पाणी पुरतं. दाबाच्या पाण्याचं यंत्र वापरलं तर कौलाचा वरचा कठीण पापुद्राच निघतो.

मोकळ्या लाकडाला हीच एक संधी. वाळवीचं औषध, आणि त्यावर काजूच्या टरफलाचं तेल दोन हात. हातमोजे घालून लावा. माझ्या मनगटाला दोन थेंब लागले होते, आठ दिवस फोड होते.

रिपांचं अंतर हा सगळ्या कामाचा गाभा. कौलाच्या पोटाखाली जे टेकू असतात ते रिपेला अडकतात. अंतर जास्त झालं तर वरचं कौल खालच्यावर पुरेसं चढत नाही, कमी झालं तर कौल उताणं बसतं. सहा कौलं जमिनीवर एकाखाली एक जोडा, पहिल्या आणि शेवटच्या टेकूतलं अंतर मोजा, पाचाने भागा. आमच्याकडे साडेबारा इंच आलं. तेवढी काठी कापा आणि प्रत्येक रीप त्या काठीने लावून घ्या, डोळ्याने नाही. वळचणीची सगळ्यात खालची रीप इतरांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच हवी, कारण तिच्यावरच्या कौलाला खाली टेकायला दुसरं कौल नसतं.

कौलं वळचणीकडून आढ्याकडे चढतात. वर चालताना पाय मधोमध न देता जिथे खाली रीप आहे तिथे द्यायचा, शक्यतो शिडी आडवी टाकून तिच्यावरून. खालच्या दोन ओळी आणि कडेची कौलं तारेने रिपेला बांधून घ्या, वादळ आधी तिथूनच उचलतं. तार तांब्याची किंवा स्टेनलेसची.

कोने बसवण्याआधी पाण्यात भिजवा, नाहीतर ते मसाल्यातलं पाणी ओढून घेतात आणि दोन वर्षांत सुटतात. नुसतं सिमेंट तडकतं. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा मसाला आम्ही वापरला.

रोज संध्याकाळी ताडपत्री. आकाश कितीही निळं असलं तरी.

9. पहिला पाऊस

पहिल्या जोराच्या पावसात घरात कोणीतरी हवं. दोन-चार ठिकाणी थेंब पडणारच, कौलं अजून बसायची असतात. शिडीवर चढून आतूनच, दोन बोटांनी कौल वर उचलून जरा सरकवलं की बहुतेक थेंब थांबतात. उरलेल्या जागांवर खडूची फुली करून ठेवा, कौलंवाल्याचा शेवटचा हप्ता त्या फुल्या मिटल्यावरच द्या.

शंभरेक कौलं आणि दहा कोने मांगरात कडेवर उभे लावून ठेवलेत. मागच्या श्रावणात वानरांनी पाच फोडली, शेजारच्या काकांनी त्यातलीच पाच काढून बसवली आणि मला फोटो पाठवला.